दोन पावलं मागे

कब पथकातल्या लहान मुलांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला इंग्लंडमधली मुलं ‘अकेला’ म्हणतात. हे नाव रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं. अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी स्काऊटिंगची शाखा काढायची ठरली, तेव्हा १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी किपलिंगच्या जंगलातली ही सगळी मंडळी उचलली. बल्लू अस्वल आलं, बघीरा आला आणि कळपाच्या सभेतला खडकही आला. गोष्टीतले डोंगर सिवनीचे आहेत आणि नदी वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटकडून भंडारा जिल्ह्यात उतरणारी, पुढे पवनीच्या घाटांना लागून वाहणारी, ती हीच वैनगंगा. पवनी तालुक्यातलं आसगाव तिच्याच खोऱ्यात, चौरास नावाच्या सपाट, काळ्या, धानाच्या पट्ट्यात येतं.

या नदीच्या काठी मात्र त्या माणसाला ‘अकेला’ म्हणून हाक मारणारं पोर सापडणं कठीण. इथे त्याला ‘सर’ म्हणतात आणि ती बाई असेल तर ‘मॅडम’. कारण साधं आहे. महाराष्ट्राच्या खेड्यात स्काऊटिंग शाळेत राहतं आणि ते चालवणारा माणूस त्याच शाळेतला शिक्षक असतो. सकाळी गणित शिकवणारे, हजेरी घेणारे, गृहपाठ तपासणारे सरच शनिवारी गळ्यात स्कार्फ घालून मैदानात उभे राहतात. या चळवळीतलं मोठ्या माणसाचं काम कसं असायला हवं आणि आपल्याकडे ते कसं होतं, यांतला बराचसा फरक इथूनच सुरू होतो.

बेडन-पॉवेल लष्करी अधिकारी होते. १८७६ मध्ये ते तेराव्या हुसार्स पलटणीत दाखल होऊन लखनौला आले आणि टेहळणीचे, माग काढण्याचे बरेच धडे त्यांनी भारतात गिरवले. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं घेऊन त्यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं. त्यात काही मुलं बड्या घरची होती, काही कामगारांची. त्यांनी मुलांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला एका प्राण्याचं वा पक्ष्याचं नाव दिलं आणि प्रत्येकावर त्यांच्यातलाच एक थोडा मोठा मुलगा नायक म्हणून नेमला. मग संघाच्या कामाची जबाबदारी त्या नायकावर टाकून स्वतः बाजूला झाले. तंबू, गाठी, माग काढणं हे सगळं त्या काळच्या लष्करात होतंच. एका मुलाच्या हाती सहा मुलं सोपवायची आणि मोठ्या माणसाने हात मागे बांधून उभं राहायचं, ही गोष्ट मात्र लष्करात नव्हती. शाळेत तर नव्हतीच.

म्हणून स्काऊटमास्तरांसाठी पुढे जे पुस्तक त्यांनी लिहिलं त्यात हा माणूस काय नसावा हेच आधी सांगितलं. तो शाळामास्तर नसावा, फौजेतला हुकूम सोडणारा नसावा, कीर्तनकारासारखा उपदेश करणाराही नसावा. मुलांमध्ये मूल होऊन वावरू शकेल असा मोठा माणूस त्यांना हवा होता. आपल्याकडे ही अट ज्याच्यावर येऊन पडली तो नेमका शाळामास्तरच.

हे असं का झालं हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो आणि गंमत म्हणजे त्यात आपला हा मुलूख अगदी मधोमध येतो. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरूत भारतातलं पहिलं स्काऊट पथक काढलं. ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. हिंदी पोरांना शिस्त, माग काढणं आणि रानात राहणं शिकवलं तर उद्या ती आपल्यावरच उलटतील, ही धास्ती सरकारला होती. बंगालमधल्या क्रांतिकारकांच्या काळात ती अगदीच निराधार होती असंही म्हणता येत नाही. मुलींचं पहिलं गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. आणि १९१३ मध्ये भारतीय मुलांसाठी स्काऊटिंग सुरू करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत व्हिव्हियन बोस यांचं नाव येतं. जागा होती मध्य प्रांत. त्या प्रांताची राजधानी नागपूर, भंडारा हा त्याचाच एक जिल्हा.

व्हिव्हियन बोस यांचा जन्म १८९१ चा. म्हणजे तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. आजोबा सर बिपिन कृष्ण बोस नागपूरचे नामांकित वकील, पुढे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नातू केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाला, नागपुरात वकिली केली, विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला, नागपूर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि मग मुख्य न्यायाधीश झाला आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या व्यापातही त्यांनी कित्येक वर्षं स्काऊट संघटनेचं काम पाहिलं, तेही बिनपगारी. दिवसा कोर्टात काळा कोट आणि सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर रानात शिबिर, असं आयुष्य जगणारा हा माणूस. अलाहाबादेत सेवा समितीचं पथक उभारण्यात पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी होते. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि अरुंडेल. राजकारणी, समाजसेवक, वकील, थिऑसॉफिस्ट अशी ही मंडळी. शाळेच्या नोकरीचा भाग म्हणून त्यांच्यापैकी कुणी मुलांकडे आलं नव्हतं.

नंतर वेगवेगळ्या संघटनांचं एकत्रीकरण होत गेलं. १९३७ मध्ये भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी केलेल्या शेऱ्यांवरून इथे मोठा निषेध झाला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली, हेही नोंदवायला हवं. चळवळीच्या संस्थापकाला देवघरात बसवायची गरज नाही. स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटनाही तिच्यात आली. शिक्षण खात्याचा हात डोक्यावर आला आणि पथकं शाळाशाळांतून पसरली. त्यामुळेच आसगावसारख्या गावातल्या मुलाला स्काऊटचा गणवेश पाहायला मिळू शकतो. शाळेबाहेरच्या खुल्या पथकांवर अवलंबून राहिलो असतो तर हा गणवेश बहुधा नागपूर-मुंबईतच राहिला असता. पण त्याच वेळी स्वयंसेवक म्हणून स्काऊटकडे येणारा वकील, डॉक्टर, कारखानदार हळूहळू दिसेनासा झाला आणि त्याची जागा मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या आदेशाने घेतली. ‘या वर्षी स्काऊट तुमच्याकडे, सर.’

मग त्यात स्वयंसेवा ती काय उरली? बरीच उरते. शाळेचा शिक्षक पथक घेतो तेव्हा त्यासाठी त्याला वेगळा पगार मिळत नाही. प्रशिक्षणाला तो सुट्टीतले दिवस घालतो. प्राथमिक पातळीचा बेसिक कोर्स आणि त्यानंतरचा ॲडव्हान्स कोर्स हे सात-सात दिवसांचे निवासी वर्ग असतात. तिथे जमिनीवर झोपायचं, पहाटे उठायचं, स्वतःचा तंबू स्वतः ठोकायचा आणि चाळिशीतल्या गणिताच्या सरांनी संघातला एक सदस्य म्हणून भांडी घासायची. त्यानंतर आपल्या पथकात काम करून दाखवलं की हिमालय वुडबॅज मिळतो. त्याची खूण म्हणजे चामडी दोरीत ओवलेले लाकडी मणी. मूळ मणी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू राजा दिनिझुलूच्या माळेतले असल्याचं सांगितलं जातं. राजाची माळ साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या, हाती कशी आली, हा प्रश्न हल्ली विचारला जातो आणि तो रास्तच आहे. वुडबॅजचा पहिला वर्ग सप्टेंबर १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला झाला. ती जागा डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लॅरेन या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या देणगीतून घेतली होती, म्हणून गिलवेलच्या स्काऊटरांच्या स्कार्फवर आजही मॅक्लॅरेन घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा असतो. भारतातलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यात, पचमढीला आहे. म्हणजे पुन्हा जुन्या मध्य प्रांतातच.

या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा एकच आहे आणि गाठी बांधण्यापेक्षा तो फार अवघड आहे. मोठ्या माणसाने दोन पावलं मागे यायचं.

बत्तीस मुलांचं पथक असेल तर त्याचे चार संघ होतात. एका संघात सहा ते आठ जण. स्काऊटचे संघ प्राण्या-पक्ष्यांच्या नावाचे, गाईडचे फुलांच्या. प्रत्येक संघाला एक संघनायक, एक उपसंघनायक. संघनायकांची स्काऊटमास्तरांबरोबर बैठक भरते तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचं काय करायचं, कुणी चूक केली तर काय, पैसे कशावर खर्च करायचे हे तिथे ठरतं. कागदावर तरी तसं आहे. आता समजा आसगावच्या पथकाची एक दिवसाची सहल निघाली आणि बिनभांड्याचा स्वयंपाक ठरला. कच्च्या बांबूच्या पेरात तांदूळ, पळसाच्या पानात गुंडाळलेली वांगी, निखाऱ्यात भाजलेले बटाटे. तेरा वर्षांच्या संघनायकाने जाळ मोठा केलाय आणि बांबूतलं पाणी आटतंय, हे सरांना लांबून दिसतं. धानाच्या मुलखातला माणूस, भात करपताना वासावरून ओळखतो. वर्गातले सर धावत जातील आणि लाकडं मागे ओढतील. स्काऊटमधल्या सरांनी काहीच करायचं नाही. मग पोरगा येतो, ‘सर, भात करपला.’ आणि सरांनी विचारायचं, ‘मग आता काय खाणार तुम्ही लोक?’ उत्तर संघाने शोधायचं. शेजारच्या संघाकडून मागतील, बटाट्यावर भागवतील, भांडतील. पुढच्या वेळी जाळाजवळ कुणाला बसवायचं हे त्यांना आपोआप कळेल.

ऐकायला सोपं वाटतं, पण शिक्षकासाठी ही फार मोठी शिक्षा असते. वर्गात शांतता म्हणजे यश, चूक म्हणजे लाल शाई, वेळेत अभ्यासक्रम संपवणं म्हणजे कर्तव्य. वर्षानुवर्षं हे अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काय होतं? संघनायक नेमला जातो, पण तो कवायतीत आरोळी देण्यापुरता. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही पायऱ्यांची रचना मुळात मुलाच्या वाढीसाठी केलेली. पण तिची वही शिक्षक भरून घेतात. दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळण्याची सोय झाल्यापासून तर पालकांनाही त्यातच रस असतो. मला हे गुण वाईट वाटत नाहीत. पण बोलाईन गाठ मारता न येणाऱ्या मुलाच्या छातीवर पदक पाहिलं की खटकतं. दोष त्या मुलाचा नसतो. ते काम मुलाला करू देण्याइतका धीर मोठ्या माणसाजवळ नव्हता.

याच्या उलट, जिथे मोठ्या माणसाने मागे सरूच नये अशा जागाही आहेत आणि त्या नेमक्या कोणत्या, हे ओळखणं म्हणजेच त्याचं कौशल्य. भात करपला तर कुणी मरत नाही. पाण्याचं तसं नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव, बोड्या, कालवे, पवनीजवळचं गोसीखुर्द धरण आणि स्वतः वैनगंगा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या नदीला आलेला पूर जिल्ह्यातल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. त्यामुळे शिबिरात मुलं पाण्यात उतरणार असतील तर तिथे संघनायकाचं मत विचारायचं नाही. पोहता येणारा मोठा माणूस काठावर, दोर हाताशी, खोली आधी पाहिलेली, मुलांच्या जोड्या ठरलेल्या. नाहीतर कुणी उतरायचं नाही, विषय संपला. सर्पदंशाचंही तसंच. पावसाळ्यात बांधीत, धुऱ्यावर साप असणारच. चावलेल्या जागी चीर देणं, तोंडाने विष ओढणं, कचकचून आवळपट्टी बांधणं हे सगळं चुकीचं आहे. माणसाला शांत ठेवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. हे पथकातल्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवं, कारण रोवणीच्या दिवसांत शेतात आई-बाप असतात आणि पहिला हाताशी येणारा कदाचित हाच पोरगा असेल. पवनी तालुक्याला लागून उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य आहे, वाघ आहेत. माग काढायला शिकवावं, जरूर शिकवावं. पण रात्रीची पायी सहल कुठे न्यायची आणि कुठे नाही, हे वनविभागाला विचारून मोठ्या माणसानेच ठरवायचं.

आणखी एका धोक्याबद्दल आपल्याकडे फार दबक्या आवाजात बोललं जातं. अमेरिकेत बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कारण होतं पथकप्रमुखांकडून मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार. ८२ हजारांहून अधिक लोकांनी दावे केले आणि २०२३ मध्ये सुमारे २४६ कोटी डॉलरची भरपाई योजना लागू झाली. बिनपगारी काम करणारा माणूस चांगलाच असणार, या भाबड्या गृहीतकाची ही किंमत. मुलांजवळ एकटं राहण्याची संधी ज्याला हवी असते त्याला स्वयंसेवा हा सोपा दरवाजा वाटू शकतो. म्हणून आता जगभर साधा नियम पाळतात. एकटा प्रौढ आणि एकटं मूल, अशी जोडी कुठेही, कधीही असायची नाही. शिबिरात किमान दोन मोठी माणसं, मुलींच्या पथकाबरोबर स्त्री प्रमुख, झोपण्याच्या जागा वेगळ्या. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पण कायदा घटना घडल्यावर येतो. नियम त्याआधी काम करतो. हा नियम पाळणं म्हणजे कुणावर संशय घेणं नाही. प्रामाणिक शिक्षकालाही त्यातूनच संरक्षण मिळतं. खेड्यात ‘आपलेच सर आहेत’ म्हणून तो गुंडाळून ठेवला जातो, तिथे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने हट्ट धरायला हवा.

दोन मोठी माणसं म्हटलं की प्रश्न येतो, दुसरा माणूस आणायचा कुठून? छोट्या शाळेत मुळात शिक्षक कमी, त्यात जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणं. इथे गावाकडे पाहायला हवं. चौरास पट्ट्यात कामाची माणसं काही कमी नाहीत. फौजेतून निवृत्त झालेला, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, शाळेत असताना गाईड असलेली आणि आता गावातच सून म्हणून आलेली बाई, सुताराचं काम करणारा, नदीवर डोंगा चालवणारा ढिवर समाजातला माणूस. दोरीच्या गाठी त्या डोंगेवाल्याइतक्या कुणाला येतात? दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य होतं, पुढे झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात. शिबिराच्या शेकोटीला फुटकळ विनोदी प्रहसनं करणाऱ्या मुलांना दंडारीतला एखादा जुना कलावंत दोन संध्याकाळी मिळाला तर त्या शेकोटीचं रूपच पालटेल. मंडईच्या गर्दीत हरवलेली मुलं सांभाळणं, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणं, हे पथकाचं सेवाकार्य होऊ शकतं आणि खऱ्या कमाईसाठी तिथेच एक टपरी लावता येते. मात्र खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः हिशेब ठेवून कमावलेले पैसे. सरांनी बाजारातून आणलेला चिवडा मुलांच्या नावावर विकणं म्हणजे नव्हे.

संघटनेच्या नियमांत शिक्षक नसलेल्या प्रौढालाही जागा आहे. जिल्हा संघटनेकडे नोंदणी करायची, प्रशिक्षण घ्यायचं आणि मग नेमणुकीचं वॉरंट मिळतं. शाळेबाहेरची खुली पथकंही निघू शकतात, रेल्वे वसाहतींतून आणि शहरांतून ती आहेत. भंडाऱ्यात किंवा पवनीत त्यांची वाट अजून रुंद व्हायला हवी. आणि त्यापुढच्या तरुणांसाठीच्या रोव्हर-रेंजर शाखेकडे तर फारच कमी लक्ष जातं. दहावी झाली की गावातला स्काऊट संपतो. तो पवनीला किंवा भंडाऱ्याला कॉलेजला जातो, स्कार्फ पेटीत जातो. हीच मुलं दर रविवारी गावी येतात. त्यांच्यातल्या दोघांना सहायक म्हणून पथकात घेतलं तर सरांना वर्गाबाहेरचा साथीदार मिळतो आणि लहानांना असा मोठा भाऊ, ज्याला ‘सर’ म्हणावं लागत नाही. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत पथकाची बैठक कशी बसवायची, हेही त्यांना सरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं, कारण त्या दिवसांत तेही बांधीतच असतात.